रुग्ण घरी पोहोचल्यावर त्याची जबाबदारी कोणाकडे?

एका उपजिल्हा रुग्णालयातील मेडिसिन वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांचा प्रश्न असा आहे: पक्षाघात, हृदय कमकुवत झाल्यामुळे आलेली सूज आणि दम, आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह अशा आजारांचे रुग्ण आमच्याकडून सुधारून घरी जातात, आणि त्यांतले बरेच काही आठवड्यांत आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत येतात. रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डाचा नवा, सविस्तर नमुना छापायचे ठरवले आहे. त्यात काय काय असावे?

नमुना जरूर बदलावा, आणि त्याविषयी मी पुढे लिहिलेही आहे. परंतु तालुका आणि जिल्हा पातळीवर अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, रुग्ण वॉर्डातून निघण्यापूर्वी त्याच्या गावाकडच्या एका विशिष्ट व्यक्तीने, नावानिशी, त्याची जबाबदारी स्वीकारलेली नसेल, तर कार्ड कितीही उत्तम असले तरी फारसा फरक पडत नाही. आज आपण कार्डाच्या तळाशी 'जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवणे' असे लिहितो आणि आपल्यापुरते काम संपते. त्या केंद्राला मात्र असा रुग्ण येणार आहे याचा पत्ताही नसतो. रुग्ण तिथे गेलाच तर केंद्रातले डॉक्टर त्याला पहिल्यांदाच पाहत असतात, आणि तो गेला नाही तर तो आला नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

यामागे कोणाचा निष्काळजीपणा असतो असे नाही. आपल्या व्यवस्थेची रचनाच तशी आहे. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेमार्फत चालतात, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात, आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये तर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. त्यामुळे शहरातल्या मेडिकल कॉलेजमधून उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून गावी गेलेला एकच रुग्ण तीन वेगळ्या कार्यालयांच्या हद्दी ओलांडतो. वरून खाली माहिती पोहोचवणे हे त्यांपैकी कोणाच्याही ठरलेल्या कामात स्पष्टपणे बसत नाही. खालून वर रुग्ण पाठवण्यासाठी संदर्भ चिठ्ठी आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, नोंदवही आहे. उलट्या दिशेने प्रौढ रुग्णासाठी यातले जवळजवळ काहीच नाही.

ही गोष्ट आपल्याला जमण्यासारखी नाही असे मात्र कोणी म्हणू नये, कारण नवजात बालकांच्या बाबतीत आपण ती करून दाखवली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच पायावर पुढे देशभर आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम उभा राहिला. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाईच्या घरी आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, आणि २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आई व बाळाला मोफत घरी सोडण्याची सोयही आहे. इथे दिवस ठरलेले आहेत, कोणी जायचे ते ठरलेले आहे, काय पाहायचे त्याचा तक्ता आहे आणि त्या कामाचा मोबदलाही ठरलेला आहे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळून घरी गेलेल्या साठीच्या माणसासाठी यांपैकी एकही गोष्ट ठरलेली नाही. आपल्याला नेमकी हीच उणीव भरून काढायची आहे.

त्यासाठी योग्य व्यक्ती माझ्या मते उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. २०१८ नंतर उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य वर्धिनी केंद्रांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, होत गेले आणि तिथे बहुतेक ठिकाणी आयुर्वेद पदवीधर किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले अधिकारी नेमले गेले. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांचा पाठपुरावा हे त्यांचे मूळचेच काम आहे. उपकेंद्राचा निकष सपाट प्रदेशात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येचा आहे. एवढ्या वस्तीत रुग्णालयातून सुटून आलेले, खरोखर लक्ष ठेवावे लागणारे रुग्ण महिन्याला मोजकेच असतात. सीएचओंवर अहवालांचे ओझे आधीच मोठे आहे हे मला माहीत आहे, तरीही हे काम त्यांच्या आवाक्यातले आहे.

प्रत्यक्षात करायचे ते असे. रुग्ण दाखल झाल्यानंतर दुसऱ्या दिवसाच्या राऊंडलाच डॉक्टरांनी अंदाजे सुट्टीची तारीख केसपेपरवर लिहावी. सुट्टीच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या एका ठरलेल्या सिस्टरने रुग्णाच्या गावच्या सीएचओंना फोन करावा. फक्त व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवून भागत नाही, कारण पाठवलेला फोटो पाहिला गेला की नाही आणि पाहणाऱ्याला त्यातले काय महत्त्वाचे वाटले, हे आपल्याला कळत नाही. फोनवर सांगायचे ते थोडकेच असते: काय झाले होते, आता अवस्था काय आहे, कोणती औषधे नवी आहेत, कोणती बंद केली आहेत, पहिल्या आठवड्यात कशावर नजर ठेवायची आणि कोणत्या लक्षणाला लगेच परत पाठवायचे. शेवटी दोन प्रश्न विचारायचे: आपण त्यांच्या घरी कोणत्या दिवशी जाणार, आणि ही औषधे आपल्याकडे आहेत का? मिळालेले उत्तर आणि उत्तर देणाऱ्याचे नाव वॉर्डाच्या नोंदवहीत आणि रुग्णाच्या कार्डावर, दोन्हीकडे लिहायचे. पहिली भेट घरी गेल्यापासून तीन दिवसांच्या आत झाली पाहिजे, कारण औषधांचा गोंधळ साधारण याच काळात सुरू होतो आणि याच काळात तो सहज निस्तरता येतो.

औषधांचा हा गोंधळ कसा होतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. एका माणसाला रक्तदाबासाठी गेली दोन वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रातून ॲम्लोडिपिनची साधी गोळी मिळते आहे. पक्षाघात होऊन तो दाखल होतो आणि सुट्टीच्या वेळी त्याला टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली, कंपनीच्या नावाने लिहिलेली गोळी मिळते. जुनी गोळी बंद करा असे कार्डावर कुठेही लिहिलेले नसते, कारण लिहिणाऱ्या इंटर्नला ती घरी डब्यात आहे हेच ठाऊक नसते. घरी गेल्यावर दोन्ही गोळ्या चालू राहतात. पायांवर सूज येते, उठताना चक्कर येते, एखाद्या सकाळी तो मोरीत पडतो. मग शेजारचे कोणी म्हणते की मोठ्या दवाखान्याच्या गोळ्या मानवत नाहीत, आणि घरचे सगळ्याच गोळ्या बंद करतात, त्यात रक्त पातळ होण्याची गोळीही जाते. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या झटक्याने परत येतो आणि आपण केसपेपरवर 'औषधे अनियमित घेतली' असे लिहितो.

यावर उपाय साधा आहे. रुग्ण दाखल होतानाच नातेवाइकांना सांगून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी मागवून घ्यावी, आणि सुट्टीच्या दिवशी ती खाटेवर उघडून कार्डाशी ताडून पाहावी. कार्डावर औषधांचे तीन भाग करावेत: नव्याने सुरू केलेली, मात्रा बदललेली आणि बंद केलेली. बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटे नातेवाइकांच्या संमतीने तिथेच बाजूला काढावीत. औषधाचे नाव मूळ घटकाच्या नावाने लिहावे, म्हणजे केंद्रात वेगळ्या पाकिटात मिळालेली तीच गोळी दुसरी समजली जाणार नाही. केंद्राच्या साठ्यात नसलेले औषध आपण सुरू करत असू, तर ते रुग्णाला दर महिन्याला कुठून मिळणार याचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे. नसेल तर साठ्यातले चालणारे औषध निवडणे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते. वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बाबतीत पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे पाहणारी, तपासणी कोणत्या तारखेला आणि कोणत्या ठिकाणी करायची हे लिहिल्याशिवाय रुग्णाला सोडूच नये. सुट्टीच्या वेळी तीन-चार दिवसांच्याच गोळ्या हातात ठेवण्याची पद्धतही सोडली पाहिजे. आयुष्मान भारत योजनेच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरच्या १५ दिवसांच्या औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च धरलेला असतो, आणि तो हक्क रुग्णाला आपणच सांगायला हवा.

दुसरी मोठी गफलत शिकवण्याच्या वेळी होते. सुट्टीच्या दिवशी आपण ज्याला सूचना देतो तो बहुतेक वेळा घरचा धावपळ करणारा मुलगा असतो. आधार कार्ड, योजनेचे कागद, मेडिकलचे बिल आणि गाडीची व्यवस्था यांत त्याचा दिवस गेलेला असतो. घरी जाऊन रुग्णाला भरवणारी, कूस बदलणारी, लघवीची पिशवी रिकामी करणारी व्यक्ती वेगळीच असते. ती सून असते, बायको असते, कधी शाळेत जाणारी नात असते. ही व्यक्ती कोण हे दाखल झाल्यापासून दोन दिवसांत शोधून काढावे आणि तिला निदान एक पूर्ण दिवस वॉर्डात बोलवावे. पक्षाघाताच्या रुग्णाला भरवताना त्याला टेकून सरळ बसवायचे, हनुवटी किंचित खाली घ्यायची, पातळ पाण्याऐवजी आधी घट्टसर पेज किंवा खिमट चमच्याने आणि दुबळ्या बाजूने न देता चांगल्या बाजूने द्यायचे, घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यायचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, हे सगळे तोंडी सांगून समजत नाही. सिस्टरने एकदा करून दाखवावे आणि मग त्या बाईंच्या हातात चमचा द्यावा. त्यांनी भरवताना रुग्णाला ठसका लागला किंवा त्याचा आवाज घोगरा झाला, तर तो घरी जाण्याजोगा झालेला नाही हेही तिथेच कळते. ठसका लागून अन्न फुप्फुसात जाणे आणि त्यातून न्यूमोनिया होणे हे असे रुग्ण दगावण्याचे एक मोठे कारण आहे, म्हणून मी याच्यावर एवढा भर देतो.

'समजले ना?' हा प्रश्न वॉर्डातून कायमचा काढून टाकावा, अशी माझी विनंती आहे. त्याचे उत्तर 'हो' असेच येते, कारण डॉक्टरांसमोर नाही म्हणायला माणसे संकोचतात. त्याऐवजी गोळ्या पुढे ठेवून 'आज रात्री जेवणानंतर यातल्या कोणत्या द्याल, त्या हातात घ्या' असे सांगावे. इन्सुलिन नव्याने सुरू केले असेल तर सिरिंजमध्ये औषध भरून दाखवायला सांगावे, आणि घरी फ्रिज आहे का हे विचारावे. फ्रिज नसला तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात बाटली कशी ठेवायची तेही सांगावे. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाच्या घरी वजनकाटा असेल तर रोज सकाळी वजन करायला आणि तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले तर कळवायला सांगावे. काटा नसेल तर पायाची सूज गुडघ्याकडे चढणे, रात्री दम लागून उठून बसावे लागणे आणि उशाला आणखी एक उशी घ्यावीशी वाटणे, या खुणा घरच्यांना सहज ओळखता येतात.

रुग्ण इथून नेमका कुठे जाणार आहे, हा प्रश्नही प्रत्येकाला विचारावा. आधार कार्डावरचा पत्ता बऱ्याचदा खरा मुक्काम नसतो. म्हातारी आई लेकीकडे जाते, मुलांनी महिने वाटून घेतलेले असतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांच्या हद्दीत जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यासाठी गावच्या सीएचओंना केलेला फोन निरुपयोगी ठरतो. मुकादमाकडून टोळीचे ठिकाण विचारून तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे आणि हंगामभर पुरेल इतके औषध टप्प्याटप्प्याने कुठे मिळेल ते ठरवावे लागते.

सुट्टीची वेळ हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा आहे. राऊंड अकराला संपतो, कागद तीन-चारला तयार होतात, औषध भांडार तोवर बंद होते आणि वाडीवर जाणारी शेवटची एसटी निघून जाते. आदल्या दिवशी कागद तयार ठेवून सकाळी अकराच्या आत रुग्ण मोकळा करणे बहुतेक वॉर्डांना शक्य आहे. एकट्याने राहणाऱ्या किंवा नळी घालून जाणाऱ्या रुग्णाला शनिवारी दुपारी सोडणे टाळावे.

आता एका अशा गटाविषयी, ज्याच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. पैसे संपले, घरी शेती पडली आहे किंवा आशा सुटली म्हणून नातेवाईक रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जातात. वॉर्डाच्या भाषेत तो 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी गेलेला, होतो. सही घेतली जाते, आणि नाराजीच्या भरात त्याला ना नीट कार्ड मिळते ना औषधे. वास्तविक सर्वाधिक धोका याच रुग्णाला असतो, कारण त्याचे उपचार अर्धवट राहिलेले असतात. सही रुग्णालयाच्या संरक्षणासाठी असते. त्या सहीने रुग्णाचा पुढच्या काळजीचा हक्क संपत नाही. त्याच्यासाठीही तोच फोन, तीच औषधांची यादी आणि 'परत यावेसे वाटले तर केव्हाही या' हे स्पष्ट शब्द असले पाहिजेत. परत आल्यावर आपल्याला बोलणी खावी लागतील या भीतीने लोक उशिरा येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मनोरुग्णांच्या बाबतीत तर सुट्टीचे नियोजन ही कायद्याचीच अपेक्षा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९८ नुसार, रुग्णाला समाजात परत पाठवताना उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी, तसेच घरच्यांशी किंवा काळजी घेणाऱ्यांशी विचारविनिमय करून पुढच्या उपचारांची योजना ठरवायची असते. हेच तत्त्व शारीरिक आजारांना लागू करायला कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा रुग्णांना 'आता घरी न्या, सेवा करा' एवढे सांगून पाठवणे मला अत्यंत क्लेशदायक वाटते. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक व परिहार सेवेचे, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करण्याच्या सेवेचे, धोरण स्वीकारले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने परिचारिकांच्या घरभेटी उभ्या केल्या. आपल्याकडे तेवढे जाळे नसले तरी, मॉर्फिनच्या गोळ्या जिल्ह्यात कुठे मिळतात, तिथे कोणत्या दिवशी जायचे आणि जखमेचे ड्रेसिंग गावात कोण करील, हे लिहून देणे आपल्या हातात आहे.

आशा ताईंविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. कोणतीही नवी योजना निघाली की शेवटचे काम त्यांच्यावर येऊन पडते. त्यांच्या मानधनाचा काही भाग कामागणिक ठरलेला असतो, आणि प्रौढ रुग्णाच्या अशा घरभेटीसाठी त्यात वेगळी ओळ नसते. घर दाखवणे आणि काही बिघडले तर कळवणे एवढे त्यांच्याकडे ठेवावे. तपासणी आणि निर्णय सीएचओंनीच करावेत. याहून अधिक काम द्यायचे असेल तर त्याचा मोबदला आधी मंजूर करून घ्यावा.

आपल्या मूळ प्रश्नातल्या कार्डाबद्दल सांगायचे तर ते दोन भागांत करावे. वैद्यकीय भाग डॉक्टरांसाठी, आहे तसाच इंग्रजीत चालेल. दुसरे पान मात्र मोठ्या अक्षरांत, मराठीत, आणि गरज असेल तिथे चित्रांसह असावे: सकाळ, दुपार, रात्र अशा रकान्यांत औषधे, बंद केलेली औषधे, धोक्याच्या तीन किंवा चार खुणा, नळी किंवा कॅथेटर बदलण्याची तारीख, जबाबदारी घेतलेल्या सीएचओंचे नाव व फोन, आणि वॉर्डाचा स्वतःचा, रात्रीही उचलला जाणारा फोन. याहून जास्त मजकूर घातला तर तो वाचला जात नाही.

यश कसे मोजायचे हेही आधीच ठरवावे. परत दाखल होणाऱ्यांची संख्या मोजण्याचा मोह होईल. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने ऑक्टोबर २०१२ पासून ३० दिवसांत परत दाखल होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांचे पैसे कापायला सुरुवात केली, त्यामुळे हा आकडा जगभर प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो फसवा ठरतो. आपला रुग्ण परत येतो तो आपल्याच रुग्णालयात येईल असे नाही. तो खासगीत जातो, दुसऱ्या तालुक्यात जातो, किंवा घरीच दगावतो आणि आपल्या तक्त्यात तो 'परत आला नाही' म्हणून चांगला दिसतो. म्हणून दोनच गोष्टी मोजाव्यात. पहिल्या तीन दिवसांत कोणी त्याला घरी जाऊन पाहिले का, आणि तिसाव्या दिवशी फोन केल्यावर तो हयात आहे का व लिहून दिलेली औषधे घेतो आहे का. काही रुग्ण तर परत यायलाच हवे असतात. धोक्याची खूण ओळखून वेळेत परत आलेला रुग्ण हे आपल्या शिकवण्याचे यशच आहे.

सुरुवात संपूर्ण रुग्णालयात करू नये. आपला एक वॉर्ड, पक्षाघाताचे रुग्ण आणि जिथून सर्वाधिक रुग्ण येतात तो एक तालुका, एवढ्यावर तीन महिने काम करावे. त्याआधी वैद्यकीय अधीक्षकांमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची भेट घ्यावी, सीएचओंच्या मासिक सभेत स्वतः जाऊन हे काम समजावून सांगावे आणि सर्वांच्या फोन नंबरांची उपकेंद्रनिहाय यादी वॉर्डाच्या भिंतीवर लावावी. त्या सभेत त्यांच्या अडचणी लिहून घ्याव्यात, कारण कोणत्या गोळ्या साठ्यात नाहीत आणि कोणत्या वाडीवर फोन लागत नाही हे फक्त त्यांनाच ठाऊक असते. दर महिन्याच्या सभेत मागच्या महिन्यातल्या प्रत्येक रुग्णाचे काय झाले हे नावानिशी वाचले जावे, आणि दगावलेल्यांच्या बाबतीत शेवटच्या आठवड्यात घरी काय घडले हे सीएचओंकडून वॉर्डाच्या डॉक्टरांनी ऐकावे. नव्या कार्डाची छपाई हे तीन महिने झाल्यानंतरच करावी. तोवर झेरॉक्सवर काम चालवावे, म्हणजे त्या सभांमधून जे कळेल ते नमुन्यात घालता येईल.